पाण्याखालची तिजोरी

इंग्लंडात लिव्हरपूलच्या उत्तरेला, आल्ट नदीकाठी लंट नावाचे लहानसे गाव आहे. गावालगतच्या सखल शेतजमिनीत पुन्हा पाणी खेळवायचे, पुराला जागा करून द्यायची आणि पाणथळीतल्या पक्ष्यांना त्यांचे घर परत द्यायचे, असे ठरले. २०१२ मध्ये या कामाच्या वेळी मातीत माणसांच्याच घरांच्या खुणा सापडल्या! लिव्हरपूलच्या संग्रहालयाने तिथे उत्खनन केले. घरे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे ब्रिटनमध्ये शेती येण्याच्याही बऱ्याच आधीची. शिकारीवर जगणारी माणसे सदैव भटकत असत, ही आपली समजूत. या घरांनी तिला धक्का दिला.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथे एक गोष्ट कळली : लॉकरच्या भाड्याची नोंद खातेवहीत असते, आतल्या ऐवजाची नसते. दलदलीचेही तसेच आहे. आपण तिला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. पण चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड आणि हाड तिथे हजारो वर्षे टिकते. पाणी हीच त्या तिजोरीची किल्ली.

ती किल्ली हरवली की काय होते, हे यॉर्कशायरमधल्या स्टार कारने दाखवले. तिथे १९४९ ते १९५१ या काळात ग्रॅहम क्लार्क यांनी सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. हरणांच्या शिंगांचे शिरोभूषणही त्यात होते. पुढे शेतीसाठी चर खोदून पाण्याची पातळी उतरवली गेली. एकविसाव्या शतकात संशोधक परतले, तेव्हा माती आम्लधर्मी होऊन हाडे मऊ पडली होती. अकरा हजार वर्षांची ठेव काही दशकांत विरघळू लागली.

याउलट सॉमरसेटमध्ये १९७० साली रे स्वीट या कामगाराला दलदलीत लाकडी पाऊलवाट सापडली. वृक्षवलयांवरून तिचे साल ठरले : इसवी सनापूर्वी ३८०७-०६. तिचा उरलेला भाग सुकू नये म्हणून पुढे पंपाने पाणी पुरवण्याची व्यवस्था झाली. त्याच ओलाव्यावर पक्षीही जगले.

म्हणजे पाणथळ जागा वाचवणे आणि इतिहास वाचवणे, ही दोन खाती नव्हेतच, खाते एकच. मात्र त्यात एक अट आहे. तळी खोदणारे यंत्र निसर्गप्रेमाने चालवले, तरी त्याचा दाता खालचा थर कापतोच. म्हणून यंत्राआधी पुरातत्त्वज्ञ यायला हवा, आणि त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. ‘काही सापडले तर बघू’ या हिशेबात सापडण्याआधीच पुष्कळ नाहीसे होते.

ऐवज ठेवणारी माणसे केव्हाच गेली; वारस आपण आहोत. पण वारसाने लॉकर फोडायचा नसतो, उघडायचा असतो.