पिंपळाखालची फुले

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी येथे फाशी दिली. लोकमानसाने त्या वृक्षालाच स्मारक मानले. आजही दरवर्षी त्या दिवशी तेथे फुले वाहिली जातात. भामरागडच्या अरण्यातील माडिया बांधव दिवंगतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. शोक हा कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही.

वृक्ष आणि दगड टिकतात. आजच्या शोकाची साधने मात्र नाजूक आहेत. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडविलेल्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. अशा आघातानंतर चौकात मेणबत्त्या लागतात, हाताने लिहिलेले कागद चिकटविले जातात, भिंतीवर चित्रे उमटतात. एका पावसात ते सारे नाहीसे होते. पुढे संगमरवरी शिळा बसते. तिच्यावर नावे असतात. पण एखाद्या शाळकरी मुलीने वहीच्या पानावर लिहिलेले दोन शब्द तिच्यावर नसतात.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा मुंबईच्या लिओपोल्ड कॅफेने बुजविल्या नाहीत. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे 2017 च्या बॉम्बस्फोटात 22 जणांचा बळी गेला, तेव्हा लोकांनी चौकात वाहिलेल्या 10,000 हून अधिक वस्तू तेथील कलादालनाने जपल्या.

सुज्ञ वाचकहो, चौकात दुकान कोणाचे असते? बहुधा आपलेच. म्हणून पहिले कर्तव्यही आपलेच. प्रथम दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत आणि स्थळ व दिनांक लिहून ठेवावा. दिवंगतांच्या कुटुंबीयांची संमती घ्यावी. पाऊस येण्यापूर्वी कागद अलगद उचलावेत. ओले असल्यास सावलीत वाळवावेत; त्यांवर चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरणही चढवू नये. आपल्या ग्रंथभांडारांतील पोथ्यांप्रमाणे स्वच्छ सुती वस्त्रात बांधून ते कोरड्या जागी ठेवावेत आणि पुढे ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. फुले मात्र मातीला परत द्यावीत. दुकानाच्या भिंतीवर चित्र असेल, तर नवी जाहिरात रंगविण्याची घाई करू नये.

सर्वच वस्तू साठविणे हे स्मरण नव्हे. अपरिग्रहाचा संस्कार येथेही उपयोगी पडतो. परंतु नीट पाहून, विचारून ठेवलेला एक कागदही पुरेसा ठरतो. व्यवहाराची नोंद आपण पिढ्यानपिढ्या चोपड्यांत जपली. ज्या गावाने आपल्याला व्यापार दिला, त्या गावाच्या दुःखाची नोंदही आपल्याच कपाटात असावी.