खेळत राहायचे, पण कशाच्या जोरावर?

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात खो-खोचा विषय निघाला की एक जाणकार गृहस्थ हटकून आमच्या जिल्ह्याची खो-खोपटू सारिका काळे हिच्यावर घसरतात. त्यांचा आरोप ठरलेला आहे. अर्जुन पुरस्कार मिळाला, पोरगी तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली आणि तिथेच खेळ संपला. खरा विजेता पायांत बळ आहे तोवर पळतो, नोकरीवर डोळा ठेवणारा खेळाडू अर्ध्या मनाचा. वेळीच पुण्या-मुंबईला गेली असती तर आणखी मोठी झाली असती. आणि शेवटचा टोला म्हणजे २०२५ चा पहिला विश्वचषक तिच्याविना पार पडला, ही आपल्या जिल्ह्याची हानी. आजूबाजूचे माना डोलावतात. मला हे ऐकून घेणे आता अशक्य झाले आहे.

पुण्या-मुंबईचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या महिला संघाची कर्णधार सारिका उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मैदानावरच घडलेली होती. विश्वचषकाचा मुद्दाही फार वेळ मागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जिल्ह्याचा झेंडा तिथे होता. ज्यांना तो दिसला नाही त्यांनी सामना पाहिला होता का, हे आधी सांगावे.

आता खरा मुद्दा. खेळाडूने खेळतच राहावे असे बजावणाऱ्याने एवढेच सांगावे, की कशावर? सारिका काळेने २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर स्वतःच सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे ती दिवसातून एकदाच जेवत होती. शारीरिक अडचणींमुळे वडिलांची कमाई बेताची, आई शिवणकाम करणारी, घर आजी-आजोबांच्या मिळकतीवर चाललेले. तेराव्या वर्षी काकांनी मैदानावर नेले तेव्हापासूनची ही कहाणी आहे. आणि खेळ कोणता? बुद्धिबळ नव्हे, खो-खो. नऊ मिनिटांच्या डावात तिघा-तिघांच्या तुकडीने आत उतरायचे, आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी अंगावर धावून येणारी. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, हुलकावणी, क्षणात दिशा बदलणे. ज्येष्ठ गटात दोन मिनिटे पळती दिली तरी वर्तमानपत्रात नाव छापून येते, इतकी ती दोन मिनिटे महाग असतात. आक्रमणाला उतरल्यावर खांबाजवळ सूर मारताना खांदे, गुडघे, घोटे सगळे पणाला लागते. हे सारे एका जेवणावर!

ज्या २०१६ सालाच्या सुवर्णपदकाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच सालात घरच्या ओढगस्तीपायी तिने खेळ सोडायचे ठरवले होते. खोलीत स्वतःला कोंडून घेतले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली म्हणून ती मैदानावर परतली. म्हणजे भारताची कर्णधार पैशावाचून खेळातून उठायला निघाली होती, आणि तेव्हा आजचे हे जाणकार काय करत होते? पेपरातला फोटो कापून ठेवत असतील. तिच्या घरच्या शिध्याची चौकशी करायला कोणी गेले होते का? खेळ सुटायची खरी वेळ २०१६ मध्ये आली होती. ती गरिबीमुळे आली होती, आणि त्या वेळी यांच्यातला एकही ओरडला नाही. पगार सुरू झाल्यावर मात्र सगळ्यांना खेळाचा कळवळा आला. पोट रिकामे होते तोवर ती निष्ठावान आणि पगार मिळाला की ती अर्ध्या मनाची, हा कुठला न्याय?

जपानचा फिगर स्केटर युझुरू हान्यू याचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या या खेळाडूने जुलै २०२२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, स्पर्धा सोडून व्यावसायिक होण्याचे जाहीर केले. चाहते हळहळले, पुढे काय यावर त्यांनी जगभर चर्चा केली. पण त्याला पुढे जायला वाट होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये त्याने एकट्याचा कार्यक्रम केला आणि ३५ हजार प्रेक्षक तिकीट काढून आले. सारिकाही अर्जुन पुरस्काराच्या वेळी सत्तावीसचीच होती. तिच्यासाठी कुठला डोम उभा होता? २०२२ मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, दुसरा हंगाम कटकला झाला. दोन्ही हंगाम पुरुषांचे. बाईने खो-खोवर घर चालवावे अशी एकही जागा या देशात नव्हती, आणि जी एक मिळाली, म्हणजे सरकारी नोकरी, तिच्यावरही आमच्या जाणकारांचा राग.

याच मंडळींशी पूर्वी मॅटवरून वाद झाला होता. खो-खो मातीतला खेळ, मॅटवर नेला की मेला, असे ते छातीठोकपणे सांगत. विश्वचषक मॅटवर झाला, खेळ जिवंत आहे. त्याआधीचा वाद याहून जुना होता. खो-खो हा शाळकरी पोरांचा खेळ, त्यात कारकीर्द कसली, असे म्हणणारेही हेच. आणि आज कारकीर्द मध्येच सोडली म्हणून रडणारेही हेच! एक काहीतरी ठरवा.

स्थैर्य शोधणे हा भित्रेपणा आहे, हे तर सास्तूरच्या माणसाने बोलूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीसोबत हे गावही जमीनदोस्त झाले. वाचलेल्यांना आधी छप्पर लागले, मग बाकीचे सारे. ज्याने पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळे काढले त्याला महिन्याच्या ठरलेल्या पगाराची किंमत मुंबईच्या माणसापेक्षा जास्त कळायला हवी.

मग माझे म्हणणे काय? सारिका काळेची नोकरी हा खो-खोचा तोटा नाही, कमाई आहे. आमच्याकडे मुलगी संध्याकाळी मैदानावर निघाली की घरातून एकच प्रश्न येतो, खेळून काय मिळणार? या प्रश्नाला आता तुळजापूरचे उत्तर आहे. तब्बल २२ वर्षांनी खो-खोला मिळालेला अर्जुन पुरस्कार घरच्यांना दूरचा वाटतो; अधिकाऱ्याची खुर्ची मात्र बापाला लगेच समजते. तालुक्याच्या क्रीडा कार्यालयात ज्या बाईने स्वतः पाटीवर बसून खो घेतला आहे, तिला मुलींच्या अडचणी सांगाव्या लागत नाहीत. विश्वचषक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना राज्य सरकारने रोख बक्षिसाबरोबर नोकरीही जाहीर केली, ती उगाच नाही.

चाहत्यांना भांडायचेच असेल तर महिलांच्या लीगसाठी भांडावे. राष्ट्रीय शिबिरात निवडलेल्या मुलीला वर्षभर पुरेल एवढी शिष्यवृत्ती मागावी, गावोगावच्या शाळांत सपाट मैदान आणि दोन धड खांब मागावेत. एवढे मिळाल्यावर कोणी भरल्या पोटाने, पंचविशीत, धडधाकट पायांनी खेळ सोडला, तर तिला जाब विचारायला मीही या गृहस्थांच्या शेजारी उभा राहीन.