जकातीच्या वहीतला पडून राहिलेला पैसा

रमजान आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. बचतीवर अडीच टक्के, म्हणजे लाखाला 2,500 रुपये. वही उघडली की दिसते, व्याज नको म्हणून पैसा चालू खात्यात पडून आहे. जकात देऊन आणि महागाई सोसून तो दरवर्षी आटतो.

टाटा एथिकल, टॉरस एथिकल यांसारखे म्युच्युअल फंड बँका, दारू, तंबाखू आणि कर्जबाजारी कंपन्या टाळून शेअर घेतात. ते कुणालाही घेता येतात. दारू-तंबाखूचा नफा नको असलेल्या वारकरी किंवा जैन शेजाऱ्यालाही.

पण नावावर भुलू नये. 'शरिया' ही गाळणी आहे, हमी नव्हे. बँका वगळल्या की त्यांची तेजीही हुकते. बाजार पडला की हे फंडही पडतात. दोन वर्षांनी मुलीच्या लग्नाला लागणारा पैसा इथे नकोच. आणि खर्च पाहावा. 2013 पासून फंडांची 'डायरेक्ट' योजना मिळते, तिच्यात एजंटाचे कमिशन नसते. महिना 5,000 रुपये 20 वर्षे भरले आणि परतावा 12 ऐवजी 11 टक्के पडला, तर हातात सहा लाखांहून अधिक कमी येतात. इफ्तारच्या खजुरांचा भाव चार गाड्यांवर विचारणारा माणूस हे मात्र विचारत नाही!

फंडातल्या पैशावरही जकात आहेच. ती कशी मोजायची यावर उलेमांत मतभेद आहेत, ते मौलानांना विचारावे. खर्चाचा आकडा फंडाच्या फॅक्टशीटवर छापलेला असतो.