आठ्या, सुई आणि सावधगिरी

कपाळावरील आठी ही आजवर मनातील नाराजीची खूण समजली जात असे. आता ती दुरुस्त करावयाची उणीव समजली जाऊ लागली आहे. शहरातील पाट्या आणि लग्नसराईतील सवलतींच्या जाहिराती पाहिल्या, म्हणजे चार टोचण्यांनी दहा वर्षे पुसणे हे केस कापून घेण्याइतके किरकोळ काम आहे, असा कोणाचाही समज व्हावा. हा उपचार करून घेणाऱ्या स्त्रीपुरुषांची टवाळी करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. केसांना राजरोस कलप लावणाऱ्या समाजाने सुरकुतीच्या चिंतेला हसावे, हे शोभत नाही. आमची हरकत आहे ती अज्ञानाला. साडी घेताना पदर उलगडून पाहणारे चोखंदळ गिऱ्हाईक स्वतःच्या चेहऱ्यात काय टोचले जात आहे हे मात्र विचारीत नाही.

टोचले जाते ते बोट्युलिनम टॉक्सिन. 'बोटॉक्स' हे त्याच्या एका उत्पादनाचे व्यापारी नाव होय. एका जंतूपासून निर्माण होणारे हे विष ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने नासक्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले. बेल्जियममध्ये १८९५ साली डुकराचे खारवलेले मांस खाऊन माणसे दगावली, तेव्हा व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागील जंतू शोधून काढला. पुढे याच विषाला अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांचे आचके यांवरील औषध म्हणून आणि २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठी मान्यता मिळाली. विषाचे औषध होते, ही गोष्ट बचनाग शुद्ध करून वापरणाऱ्या आपल्या वैद्यांनाही ठाऊक होती. परंतु विष आणि औषध यांत अंतर असते ते मात्रेचे आणि देणाऱ्या हाताचे.

हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडविते. स्नायू आखडत नाही, म्हणून त्यावरील कातडीला घडी पडत नाही. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो आणि साधारणतः तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे हा खर्च एकदाचा नसून वर्षातून अनेकदा करावयाचा आहे, आणि आरोग्यविमा शोभेच्या उपचाराचा भार सहसा उचलीत नाही. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी खोल रेघ याने पुरती जात नाही. गाल वा ओठ भरण्यासाठी टोचले जाणारे 'फिलर' ही तर वेगळीच वस्तू आहे. ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास कातडी मृत होण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचा धोका असतो.

बोट्युलिनमचेही धोके आहेत. टोचलेल्या जागी दुखणे, डोके दुखणे हे थोडक्यात निभावते. पण औषध शेजारच्या स्नायूत उतरले तर पापणी काही आठवडे लोंबते, आणि ते काढून घेण्याचा उपाय नाही. औषधाचा परिणाम दूरवर पसरून गिळण्यास वा श्वासास त्रास होऊ शकतो, असा ठळक इशारा वेष्टनावर देण्याचे बंधन अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २००९ साली घातले. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच मायस्थेनियासारखा मज्जा-स्नायूंचा विकार असणाऱ्यांनी या वाटेस जाऊ नये. काही प्रतिजैविकांबरोबरही त्याचा परिणाम वाढतो.

अनर्थ ओढवतो तो बहुधा स्वस्ताईपायी. २००४ साली फ्लोरिडात, परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टराने प्रयोगशाळेसाठीचे, माणसांकरिता मान्यता नसलेले विष वापरले. त्याच्यासह चार जण लुळे पडून कृत्रिम श्वासावर गेले. २०२४ सालीही अमेरिकेतील अनेक राज्यांत बनावट बोटॉक्सने लोक आजारी पडले. त्यांनी सुई घेतली होती ती अनधिकृत व्यक्तींकडून, वा घरात आणि स्पामध्ये. जेथे कायद्याचा धाक मोठा, तेथे ही गत; मग आपल्या गल्लीबोळांतील सौंदर्यगृहांविषयी निश्चिंत कसे राहावे?

म्हणून जाणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. सुई देणारा डॉक्टर आहे काय, आणि वैद्यक परिषदेतील त्याचा नोंदणी क्रमांक कोणता? कुपी कोणत्या उत्पादकाची, तिचा बॅच क्रमांक व मुदत काय, आणि ती शीतपेटीतून आपल्यासमोर काढली काय? किती युनिट देणार? भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सची मान्य मात्रा पाच जागी मिळून २० युनिट आहे. एका उत्पादनाचे युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचे नसते, तेव्हा केवळ दराची तुलना फसवी ठरते. आणि शेवटचा प्रश्न : रात्री पापणी मिटली किंवा घास अडकला, तर कोणास बोलवावयाचे? उत्तर देण्यास जो कचरतो, त्याच्या खुर्चीवर बसू नये.

अर्थात सारा भार गिऱ्हाइकावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. नोंदणी क्रमांक दर्शनी भागी लावणे सक्तीचे करावे, आणि अन्न व औषध प्रशासनाने या कुप्यांची तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. आठ्या घालविण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे. पण अशा व्यवहारासमोर कपाळाला आठी घालण्याचे कर्तव्य प्रशासनाने तरी विसरू नये.