आईच्या मदतीचा हिशेब
अमेरिकेतल्या वयस्क आया संसारी मुलांना हातभार लावतात, पण वंशागणिक त्याचे रूप बदलते. गोऱ्या कुटुंबांत पैशाची मदत अधिक. कृष्णवर्णीय आई बहुधा नातवंडे सांभाळते, घरकाम उचलते. मग माया कमीजास्त का? मुळीच नाही. नतालिया सार्किसियन व नेओमी गर्स्टल या समाजशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले, की यामागे संस्कृतीपेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा आहे. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती. कृष्णवर्णीयाची जेमतेम ४४,९००. गाठीला नसेल ते आई देणार कुठून? ती अंगमेहनत देते. बाळंतपणासाठी न्यू जर्सी गाठणारी आपली आजीही तेच करते. बँकेत आयुष्य गेलेल्या मला एवढे कळते : पासबुकात धनादेश उमटतो, जागून काढलेली रात्र नाही. म्हणून तिच्या म्हातारपणाची तरतूद करताना नुसते पासबुक पाहू नये.