माळ्यावरचे शिवणयंत्र आणि दुरुस्तीचा हक्क

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरी कापडी मुखपट्ट्या शिवण्याची वेळ आली, तेव्हा शहरांतील अनेक घरांच्या माळ्यांवरून आणि पलंगांखालून जुनी शिवणयंत्रे बाहेर निघाली. मुखपट्ट्यांची गरज संपल्यावर त्यातील बरीच पुन्हा माळ्यावर गेली असतील. पण काही घरांत त्यांचे नीट तेलपाणी झाले, गंज निघाला, नवी वादी चढली आणि आजीच्या काळातील यंत्र पुन्हा चालू लागले. जुनी यंत्रे घरच्या घरी दुरुस्त करण्याचा हा उद्योग आता छंद म्हणून ओळखला जातो. त्याविषयी जे बोलले जाते ते बहुतेक स्मरणरंजनाच्या सुरात. वास्तविक, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून दुरुस्त करता येते आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेले विजेचे उपकरण येत नाही, असे का व्हावे, हा यातला खरा प्रश्न आहे. ‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत रूढ होत असताना त्याचे उत्तर या काळ्या यंत्रात शोधणे अप्रस्तुत ठरणार नाही.

आधी घरातील कामाविषयी. वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र ‘जाम झाले’ म्हणून भंगारात दिले जाते, तेव्हा बहुतेक वेळा त्यातील एकही भाग मोडलेला नसतो. जुने तेल सुकून त्याचा राळेसारखा चिकट थर झालेला असतो आणि सांधे त्यातच अडकतात. रॉकेलचे थेंब सोडून एक-दोन दिवस थांबावे, हाताने चाक अगदी हलके मागेपुढे करावे, मळ सुटला की पुसून घेऊन शिलाई यंत्राचे पातळ तेल प्रत्येक छिद्रात घालावे, एवढ्यावर बरीचशी यंत्रे मोकळी होतात. येथे जोर लावणारा फसतो. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल घालणारा तर पुढच्या दुरुस्तीची तरतूद आजच करून ठेवतो, कारण ती तेले लवकर चिकट होतात. त्यानंतर सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला, दाबून नमद्यासारखा झालेला धाग्यांचा चुरा काढायचा. ‘टाका पडत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा या चुऱ्यात, उलट बसवलेल्या सुईत किंवा दोऱ्याचा ताण सांभाळणाऱ्या चकत्यांमध्ये अडकलेल्या जुन्या दोऱ्याच्या तुकड्यात असते.

सर्वाधिक नुकसान होते ते मात्र सफाईच्या उत्साहात. जुन्या यंत्रांच्या काळ्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी ही चिकटवलेली नक्षी असते आणि तिच्यावर पारदर्शक लेपाचा पातळ थर असतो. हा लेप पुष्कळदा चपड्याचा, म्हणजे लाखेचा असतो आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिटने किंवा काच पुसण्याच्या द्रावणाने यंत्र चकचकीत करायला जावे आणि शंभर वर्षे टिकलेली नक्षी फडक्यावर उतरावी, असे प्रकार नवशिक्यांच्या हातून हमखास होतात. जाणकार आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासून पाहतात आणि बहुधा मऊ फडके व मशीनचे तेल यांपलीकडे जात नाहीत. मोटार बसवलेल्या यंत्रांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या वायरींवरील रबर सुकून तडकलेले असते आणि अमेरिकेतून आलेली यंत्रे ११० व्होल्टची असतात. अशी मोटार आपल्या घरातील २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालून पाहणे ही हौस जिवावर बेतू शकते. हे काम इलेक्ट्रिशियनचेच आहे.

हे सारे साध्या स्क्रूड्रायव्हरने होते, कारण हे यंत्र उघडण्यासाठीच बनवलेले आहे. झाकणे स्क्रूंची आहेत, तेलाची छिद्रे डोळ्यांना दिसतात, एक दांडा दुसऱ्याला कसा फिरवतो हे चाक फिरवताच कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुटे भाग मिळतात. त्यामागे इतिहास आहे.

आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले. त्यांच्या कंपनीने हप्त्यांवर विक्रीची पद्धत रुजवून हे यंत्र सामान्य घरांत पोहोचवले. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या व्यवसायाची धुरा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाहिली. भारतात सापडणाऱ्या अनेक जुन्या सिंगर यंत्रांचे क्रमांक ‘एफ’ किंवा ‘वाय’ या अक्षरांनी सुरू होतात. ती स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील कारखान्यातली. १८८५च्या सुमारास सुरू झालेल्या या कारखान्याने १९१३ साली तेरा लाखांच्या आसपास यंत्रे बाहेर पाठवली होती; १९८० साली तो बंद पडला. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सिंगरच्या कारखान्यांत सुरुवातीची कित्येक वर्षे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवले जात. कोणताही भाग कोणत्याही यंत्राला बसावा ही शिस्त नंतर आली. म्हणूनच अगदी जुने, दुर्मिळ यंत्र मिरवायला चांगले, दुरुस्तीला नव्हे. लांबट शटलच्या यंत्रांचे सुटे भाग मिळवतानाही दमछाक होते.

ज्याचे भाग सहज मिळतात ते सिंगरचे ‘१५’ क्रमांकाचे मॉडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी याच घडणीवर यंत्रे काढून जगभर विकली. भारतात १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधून ‘उषा’ आले, स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि लुधियाना हे शिवणयंत्रे व त्यांच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. परिणामी या घडणीच्या यंत्राची बॉबिन, तिची डबी, सुई, दाते हे सारे आजही पेठेतल्या साध्या दुकानात मिळते. मूळ कंपनी तो भाग बनवते की नाही याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य राहिलेले नाही. नक्कल म्हणून हिणवल्या गेलेल्या या उत्पादनानेच मूळ यंत्राचे आयुष्य वाढवले, ही गोष्ट पेटंटांच्या आजच्या वादात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९२४ साली दिल्लीत रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात गांधीजींनी यंत्रांविषयीच्या आपल्या भूमिकेला सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच संभाषणातील दुसरे उदाहरण फारसे कोणी सांगत नाही. चरख्याची चाती वाकडी झाली, तर ती सरळ करण्याचे साधन प्रत्येक कातणाऱ्याकडे स्वतःचे असावे, असे त्यांनी म्हटले होते. चात्या लोहारानेच घडवाव्यात. पण बिघडलेली चाती ज्याची त्याला सरळ करता यावी. ‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्दही नव्हता तेव्हा केलेली ही मांडणी आजच्या धोरणकर्त्यांच्या भाषेपेक्षा अधिक स्पष्ट आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यात घेण्यात आली. भ्रमणध्वनी व विद्युत उपकरणांना ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ देण्याविषयीच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयक निर्देश संमत केला आणि तो देशोदेशीच्या कायद्यांत उतरवण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत घातली. धुलाई यंत्रे, शीतकपाटे, भ्रमणध्वनी त्याच्या यादीत आहेत, शिवणयंत्र नाही. स्वस्तातल्या आजच्या अनेक घरगुती शिवणयंत्रांत प्लास्टिकची दातेरी चाके असतात, महागड्यांत सर्किट बोर्ड असतो. चाकाचा दात तुटला किंवा बोर्ड जळला, तर तोच भाग हवा, आणि तो कंपनीने पुरवणे थांबवले की यंत्र संपले. माळ्यावरच्या यंत्राशी तुलना केली तर फरक लोखंड आणि प्लास्टिक एवढाच दिसतो. तो वरवरचा आहे. सुटा भाग कोणालाही बनवता येणे आणि यंत्र कोणालाही उघडता येणे, या दोन गोष्टी हरवल्या आहेत, आणि कायद्याने त्या परत आणण्याचा प्रयत्न आता चालला आहे.

जुन्या यंत्रांपुढे दरम्यान वेगळेच संकट उभे आहे. त्यांना किंमत आली आहे, पण ती शिवण्यासाठी नव्हे. पायमशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा उपाहारगृहांत टेबल म्हणून शोभतो. ‘ऑलसेंट्स’ या ब्रिटिश कपड्यांच्या साखळीने तर दुकानांच्या खिडक्यांत जुन्या यंत्रांच्या रांगाच मांडल्या. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सांगाडा एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे जाते, ते या मागणीमुळे. अफवांनीही हात धुऊन घेतला. जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो अशी आवई २००९ साली सौदी अरेबियात उठली आणि मोडकी यंत्रे प्रचंड किमतींना विकली गेली. असा कोणताही पदार्थ त्या यंत्रांत नसतो. लाखोंनी तयार झालेल्या मॉडेलला ‘अँटिक’ म्हणून भरमसाट दाम मोजण्याचे कारण नाही, हेही नव्या हौशींनी ध्यानात घ्यायला हवे.

हौशींचे हे कसब समाजाच्या कामी कसे लावता येते, याची उदाहरणे परदेशात आहेत. ब्रिटनमधील ‘टूल्स विथ अ मिशन’ आणि ‘वर्कएड’ या संस्था लोकांनी दिलेली जुनी शिवणयंत्रे स्वयंसेवकांकडून दुरुस्त करून घेतात आणि आफ्रिकेत शिवणकाम शिकणाऱ्यांसाठी पाठवतात. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झालेला ‘रिपेअर कॅफे’चा उपक्रम २०१५ साली बंगळुरूपर्यंत पोहोचला. आपल्याकडे मात्र शिवणयंत्राचा सार्वजनिक विचार वाटपापाशी थांबतो. जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या योजनांतून महिलांना यंत्रे दिली जातात, निवडणुका जवळ आल्या की लोकप्रतिनिधींच्या कार्यक्रमांतूनही दिली जातात. छायाचित्रे निघतात. वर्षभराने टाका सुटू लागला की त्या बाईने कोणाकडे जायचे, याचा उल्लेख त्यात नसतो. तिच्या बाबतीत बंद यंत्र म्हणजे अपुरा छंद नव्हे, बुडालेली मजुरी असते.

पूर्वी याचे उत्तर गल्लीत होते. सायकलवर अवजारांची पेटी घेऊन फिरणारा किंवा शिवणयंत्रांच्या दुकानाच्या पायरीवर बसणारा कारागीर टाक्याचा आवाज ऐकून दोष सांगत असे. शहरांतील नवे हौशी आज ज्या गोष्टी चित्रफिती पाहून शिकत आहेत, त्या या माणसांना पाठ होत्या. त्यांची पुढची पिढी या धंद्यात येत नाही, याचे कारण त्यात पैसा नाही आणि नावही नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, आणि त्याला अवजारसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर, प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. व्हाउचर अवजारांच्या संचासाठी आहे. घरात असलेले जुने यंत्र दुरुस्त करून घेण्याचा पर्याय त्यात नाही. कुलूप बनवणारा कारागीर त्या यादीत आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, बाहुल्या आणि खेळणी करणाराही आहे. शिंप्याचे यंत्र दुरुस्त करणारा कारागीर मात्र अठरापैकी कोणत्याही नावाखाली येत नाही.