त्रिएस्तेचा फळा मराठवाड्यात यावा

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे गणेशविसर्जन आटोपून निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवरील मातीच्या जड माळवदासह, झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा परिसर देशातील सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. २००२मध्ये नकाशा सुधारला गेला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

मदतीचे हात देशभरातून आले. घरे उभी राहिली, गावे नव्या जागी वसली. हराळीसारख्या ठिकाणी ज्ञानप्रबोधिनीने शाळा उभारली. समाजाने आपले कर्तव्य केले, याविषयी शंका नाही. मात्र त्या पहाटेने विचारलेला एक प्रश्न आजही मागे उरला आहे. ज्या भूमीने एवढी किंमत मोजून निसर्गाचे एक कोडे जगापुढे ठेवले, त्या भूमीतून ते कोडे सोडवणारे किती निघाले?

वाळूच्या ढिगाचे गणित

प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. किल्लारीच्या तीन वर्षे आधी, १९९०मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता वाळूचा ढीग. पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीजेनफेल्ड या तिघांनी १९८७मध्ये अमेरिकेत हे प्रारूप मांडले होते. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची जाळी घ्यायची आणि तिच्यावर कुठेही एकेक कण टाकत जायचे. एखाद्या चौकटीत चार कण साठले, की ती कोसळते आणि चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. एखादा शेजारी आधीच काठोकाठ भरलेला असेल, तर तोही कोसळतो. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. कधी दोन-चार चौकटी ढासळतात आणि क्वचित संपूर्ण ढीग घसरतो. मोठ्या घसरणीसाठी कण काही वेगळा लागत नाही. तोच कण, तीच जागा. फरक असतो तो भोवताली साठत आलेल्या ताणात.

धर यांनी दाखवून दिले, की चौकटी कोणत्याही क्रमाने कोसळल्या तरी शेवटची स्थिती तीच येते. बेरजेतील संख्या मागेपुढे केल्या तरी उत्तर बदलत नाही, तशी. या एका निरीक्षणातून वरवर अराजक भासणारी ती घसरण गणिताच्या आवाक्यात आली. भूकंपांतही असाच एक नियम आढळतो. तीव्रतेचा अंक एकाने उतरला, की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. बाक आणि तांग यांनी १९८९मध्ये वाळूच्या ढिगाचा भूकंपांशी संबंध जोडला, तो याच आधारावर.

अर्थात, या गणिताने किल्लारीचा भूकंप आधी सांगता आला असता, असे म्हणणे अशास्त्रीय होईल. उलट, नेमकी तारीख सांगणे इतके अवघड का आहे, हेच ते शिकवते. पण भाकिताच्या नावाखाली वावड्या उठवणाऱ्यांपासून समाजाला वाचवायचे, तर हे ज्ञानही तितकेच आवश्यक नाही काय? धर यांना २०२२मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत बोल्ट्झमन पदक मिळाले. सांख्यिकीय भौतिकीतील हा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईत फुललेल्या या संशोधनाचे नाव औशातील किती विद्यार्थ्यांच्या कानी पडले असेल?

समूहाचे शास्त्र

वाळूच्या ढिगाचा हा विचार ज्या शाखेच्या अंगणात वाढला, तिला संघनित पदार्थ भौतिकी म्हणतात. धातू, स्फटिक, चुंबक, द्रव, काच अशा कोट्यवधी अणूंच्या समूहांचे हे शास्त्र. १९६७मध्ये केंब्रिजमधील फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने यांनी आपल्या गटाचे ‘घनावस्था सिद्धान्त’ हे नाव बदलून ‘संघनित पदार्थ सिद्धान्त’ असे केले आणि ते नाव रूढ झाले. पुढे १९७२च्या एका गाजलेल्या निबंधात अँडरसन यांनी प्रतिपादन केले, की समूहाचे नियम एकट्या कणाच्या नियमांत दिसत नाहीत. पाण्याचा एक रेणू ओला नसतो. ओलेपण येते ते असंख्य रेणूंच्या एकत्र येण्यातून. व्यष्टी आणि समष्टी यांचा विचार ज्या देशाच्या चिंतनात मुरलेला आहे, त्याला ही मांडणी परकी वाटू नये.

विशेष म्हणजे या शास्त्रातील सिद्धान्ताच्या बाजूला लागते काय? कागद, फळा, आज एखादा बरा संगणक आणि मुख्य म्हणजे बोलायला माणसे. १९२४मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइन यांना आपला निबंध टपालाने धाडला. त्या टपालातून उगवलेल्या सिद्धान्ताने वर्तवलेली पदार्थाची अवस्था ७१ वर्षांनी, १९९५मध्ये, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसली. यंत्रांची चणचण ढाक्यातही होतीच. पण विचाराला उत्तर देणारा कुणी तरी जगाच्या पाठीवर होता.

एकाकीपणाचा शाप

असे उत्तर देणारे कुणी नसले, की काय होते? १९५१मध्ये अब्दुस सलाम केंब्रिजहून लाहोरला परतले. तेथे त्यांच्या विषयावर बोलायला कुणी नव्हते, ताजी नियतकालिके मिळत नव्हती आणि महाविद्यालयाने त्यांच्याकडे सोपवला तो फुटबॉल संघ! तीन वर्षांत त्यांनी लाहोर सोडले. पण ही बोच त्यांनी मनात जपली. १९६४मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे त्यांनी सैद्धान्तिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. आपली नोकरी आणि आपला देश न सोडता प्राध्यापकाने तेथे काही आठवडे यावे, जगातील जाणत्यांबरोबर फळ्यासमोर उभे राहावे आणि ताजा होऊन परतावे, अशी सहयोगी सदस्यत्वाची योजना त्यांनी आखली. १९६७च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे संघनित पदार्थ सिद्धान्ताचा आंतरराष्ट्रीय वर्ग भरला आणि पुढे या विषयाच्या कार्यशाळा ही त्रिएस्तेची ओळखच झाली. विकसनशील देशांतील प्राध्यापकांच्या किती तरी पिढ्या तेथून घडून परतल्या.

अशा कार्यशाळेत नेमके काय होते? सकाळी व्याख्याने, दुपारी फळ्याभोवती वाद आणि सायंकाळी जेवणाच्या टेबलावर त्याच वादाचे उत्तरार्ध. अद्याप न छापलेले विचार तेथे ऐकायला मिळतात. कोणता प्रश्न घेण्याजोगा आहे आणि कोणता निष्फळ, हे कळते. हे ज्ञान ग्रंथांत नसते, ते सहवासातून येते. औशाला हे वेगळे सांगायला नको. वीरनाथ महाराजांच्या परंपरेतील नाथ संस्थान आणि तेथील चक्रीभजन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ठाऊक आहे, की परंपरा पोथीच्या कपाटात टिकत नाही. ती एकत्र बसण्याने टिकते.

भारतातही हे काम होते. टाटा संस्थेने २००७मध्ये स्थापन केलेले बंगळुरूचे आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक विज्ञान केंद्र असे कार्यक्रम भरवते. पुण्याच्या ‘आयुका’ने तर १९८८पासून खगोलशास्त्रात विद्यापीठीय प्राध्यापकांना आपल्या घरात जागा दिली आणि ठिकठिकाणच्या विद्यापीठांत जाऊन कार्यशाळा घेतल्या. जयंत नारळीकरांची ही दूरदृष्टी होती. संघनित पदार्थाच्या सिद्धान्ताला मराठवाड्यात असे घर नाही आणि ही उणीव पैशांची कमी आणि कल्पनेची अधिक आहे.

लातूर पॅटर्नची दुसरी बाजू

लातूरच्या मुलांत बुद्धी नाही, असे कोण म्हणेल? ‘लातूर पॅटर्न’ने अवघ्या महाराष्ट्राला दाखवून दिले, की दुष्काळी भागातील मूल शिस्त आणि परिश्रम यांच्या बळावर कोणाच्याही बरोबरीने उभे राहते. नांदेड, परभणी, बीडच्या घरांतून मुले लातूरला येतात, खोली करून राहतात, पहाटे उठून गणिते सोडवतात. आईवडील शेतीच्या उत्पन्नातून त्यांचे शुल्क भरतात. या कष्टांचा अवमान कोणी करू नये. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा हा त्या घराचा दुष्काळातून बाहेर पडण्याचा मार्ग असतो.

परंतु चार पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्यात पारंगत झालेल्या हजारो मुलांपैकी एकाला तरी, ज्या प्रश्नाला अजून उत्तरच नाही, तो हाताळण्याची संधी मिळू नये काय? प्रवेश हुकलेले मूल नाइलाजाने विज्ञान शाखेच्या पदवीला येते आणि तेथे त्याला भेटतो तो प्रवेशप्रक्रिया, मूल्यांकनाचे अहवाल आणि निवडणुकीचे काम यांत बुडालेला प्राध्यापक. सलाम यांना फुटबॉल संघ मिळाला होता. इथे फायली मिळतात, इतकाच भेद. दोष त्या प्राध्यापकाचा नाही. ज्याच्याशी विषयावर बोलायला वर्षभर कुणी येत नाही, त्याच्या मनातील निखाऱ्यावर राख साचणारच.

गाव लहान आहे, ही सबब येथे चालणार नाही. जैनेंद्र जैन राजस्थानातील सांभर या लहान गावात वाढले, सरकारी शाळेत शिकले. अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूटच्या आधाराने ते पुन्हा चालू लागले. १९८९मध्ये त्यांनी मांडलेल्या संयुक्त फर्मिऑनच्या कल्पनेने संघनित पदार्थाच्या एका प्रांताची भाषाच बदलली आणि २०२५मध्ये भौतिकीच्या वुल्फ पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. सांभरला जे शक्य झाले, ते औशाला अशक्य का मानावे?

‘याचा उपयोग काय?’

२०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ‘या विद्येचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला झटकून टाकणे उद्धटपणाचे ठरेल. उत्तर मात्र इतिहासात आहे. धातूतील विद्युत्प्रवाह काही पदार्थांत अतिशीत तापमानाला विनारोध वाहतो, हे १९११मध्ये दिसले. त्याचे कारण कळायला १९५७ उजाडले. आज रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रांचे चुंबक त्याच गुणधर्मावर चालते. घनपदार्थांचा पुंज सिद्धान्त १९३०च्या आगेमागे घडला; त्याच्या पायावर १९४७मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि आज शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. धर यांच्यासमवेत पदक मिळालेल्या हॉपफील्ड यांनी १९८२मध्ये चुंबकांच्या सिद्धान्तावरून स्मृतीचे प्रारूप रचले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाभरणीसाठी त्यांना २०२४चे नोबेल मिळाले. या विद्येचे फळ उशिरा येते, पण ज्यांनी झाड लावले त्यांना सावली प्रथम मिळते. इतरांना ती विकत घ्यावी लागते.

शिवाय आता वेळही दारात येऊन उभी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. या वेधशाळांच्या आरशांवरील पातळ लेपांत काचेसारख्या पदार्थांच्या अणूंची जी सूक्ष्म थरथर असते, ती त्यांच्या अचूकतेला मर्यादा घालते. हा प्रश्न संघनित पदार्थाचाच आहे. हिंगोली हा जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जगाचे वैज्ञानिक मराठवाड्यात येतील, तेव्हा मराठवाड्याने केवळ जमीन, वीज आणि पहारेकरी द्यायचे, की सहकारीही द्यायचे?

करण्याजोगे

अपेक्षा अवाजवी नाहीत. नांदेड विद्यापीठाने, त्याच्या लातूर उपकेंद्राला बरोबर घेऊन, दर उन्हाळी सुट्टीत संघनित पदार्थ सिद्धान्ताची दोन आठवड्यांची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवावी. निम्म्या जागा तालुक्याच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. उद्घाटन, सत्कार आणि हारतुऱ्यांना अर्ध्या तासाची मर्यादा घालावी. बाकी सारा वेळ फळ्याचा. प्रत्येक प्राध्यापकाने परतताना एक प्रश्न आणि एक मार्गदर्शक घेऊन जावा आणि पुढील वर्षी त्याचा हिशेब द्यावा. सायंकाळी एक व्याख्यान मराठीतून, औसा, निलंगा, किल्लारी येथील शाळांच्या पटांगणात व्हावे. ‘वाळूचा ढीग’ समजायला इंग्रजी लागत नाही. मूठभर वाळू पुरते.

संशोधन विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत रुजावे, या हेतूने २०२३मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. तेथे अर्ज करण्याची सिद्धता मात्र इथेच करावी लागेल. लातूरच्या शिकवणी वर्गांनी, व्यापाऱ्यांनी आणि परदेशी स्थिरावलेल्या मराठवाड्याच्या सुपुत्रांनी त्यात आपला वाटा उचलावा. ज्या घरात मूल ‘मला भौतिकशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हणते, त्या घराने निदान त्याला वेड्यात काढू नये.

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाच्या राजवटीतून या भूमीला मुक्त करण्याचा लढा दिला. १७ सप्टेंबर १९४८ला ती मुक्ती मिळाली आणि १९९४मध्ये त्याच तिथीला विद्यापीठाचा जन्म झाला, किल्लारीनंतर एक वर्षही पुरते सरले नसताना. ढिगाऱ्यांशेजारी जन्मलेल्या या विद्यापीठावर किल्लारीचे ऋण आहे. ते स्मारकांनी आणि वार्षिक श्रद्धांजलीने फिटणारे नाही. कण एकेक करून साठत असतो. औशाच्या फळ्यावर पहिला कण कोण टाकतो, एवढीच आता प्रतीक्षा आहे.